शिष्याकडून हार

आमच्या घरीं मासळी शिजत नाहीं. गळाची काठी तर आम्हीं जन्मांत कधीं हातीं धरलेली नाहीं. तेव्हां या महिन्यांत मासे धरण्याचा विषय काढलेला पाहून वाचकांना थोडें नवल वाटेल. जीवहत्येचा प्रश्न आमच्याही मनांत आहेच; परंतु तो तूर्त बाजूस ठेवून, गळाच्या निमित्तानें वडील माणूस धाकट्याला काय देतो, आणि त्याच्याकडून काय मिळवितो, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

लंडनमधील आयझॅक वॉल्टन या व्यापाऱ्यानें १६५३ सालीं ‘द कम्प्लीट अँग्लर’ हें मासे धरण्याच्या कलेवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. तें गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेलें आहे. दोघे नदीकांठानें चालतात, सर आली कीं कुंपणाच्या आडोशाला बसतात, आणि बोलतां बोलतां शिक्षण होतें. एके ठिकाणीं शिष्याच्या गळाला कांहीं लागेना, तेव्हां तो म्हणतो कीं तुमची काठीच माझ्या काठीहून सरस असली पाहिजे. गुरु वाद घालीत नाहीं. आपली काठी त्याला देतो, त्याची आपण घेतो, आणि तिनेंच मासा धरतो. पुढें शिष्याच्या गळाला मासा लागतो खरा, पण दोरी तोडून निसटतो. तरी गुरु रागावत नाहीं. किंचित् थट्टा करून पुन्हां शिकवूं लागतो. उणीव काठींत नसून हातांत आहे, हें शिष्याला व्याख्यानावांचून कळतें.

याहूनही मोलाची वाटते ती या पुस्तकाची पुढील हकीकत. वॉल्टनच्या पहिल्या पत्नीचीं सर्व मुलें लहानपणींच दगावलीं. दुसरीचा एक मुलगा व एक मुलगी जगलीं. तरी चार्ल्स कॉटन या आपल्या मित्राच्या पुत्रालाही तो मुलगाच मानी. दोघांच्या वयांत ३७ वर्षांचें अंतर. डव्ह नदीच्या कांठीं कॉटननें १६७४ सालीं एक लहानसें दगडी घर बांधलें, आणि त्यावर दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. कृत्रिम माशी लावून गळ टाकण्याच्या कलेंत वॉल्टनचें ज्ञान बेताचें होतें. कॉटन तींत निष्णात झाला. नितळ पाण्यांत माशाला माणूस दिसतो, म्हणून दोरी बारीक घ्यावी व गळ दूर टाकावा, असें तो सांगे. वृद्ध वॉल्टननें याचें वैषम्य मानलें नाहीं. १६७६ च्या पांचव्या आवृत्तींत त्यानें कॉटनचें लेखन आपल्याच पुस्तकाचा दुसरा भाग म्हणून छापलें. आणि वयाच्या ८३ व्या वर्षीं, शंभराहून अधिक मैल दूर असतांना, पुढच्या महिन्यांत भेटीस निघतों असें त्याला लिहिलें.

हें वाचतांना आम्हांला आमची गोष्ट आठवली, ती सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगतों. आम्हीं आमच्या पुतण्याला बुद्धिबळ शिकविलें. दोन वर्षें दिवेलागणीनंतर पट मांडला जाई. ज्या दिवशीं त्यानें आमच्यावर प्रथम मात केली, त्या दिवशीं मोहरीं गोळा करीत आम्ही “परीक्षा जवळ आली, अभ्यासाला बस” एवढेंच म्हणालों. त्यानंतर तो आपण होऊन पट घेऊन आला नाहीं. मुलाचें मन खेळावरून उडालें असें आम्ही समजत होतों. खरें कारण घरांत सर्वांना, विशेषतः त्याच्या काकूला, ठाऊक होतें.

शिष्यानें पुढें जावें हीच गुरूची कमाई, असें आपण सगळेच म्हणतों. ती कमाई दारीं आली असतां आम्हीं ती परत पाठविली. पट माळ्यावर आहे. आज रात्रीं तो खालीं काढून आम्ही पुतण्याला हांक मारणार आहों. आणि हरलों, तर पुन्हां मांड, असें त्याला सांगणार आहों.