उत्तेजनार्थ

गेल्या शनिवारी डोलवीला घरी गेलो होतो. बाबांच्या तोंडाच्या उजव्या बाजूवरून वारं गेलंय. डोळा नीट मिटत नाही, चहा कोपऱ्यातून ओघळतो. पेणला फिजिओथेरपीला नेलं, तर बाई म्हणाल्या, "रोज थोडं स्टिम्युलेशन देऊ." आईने मला विचारलं, "म्हणजे काय रे?" चार वर्षं इंजिनिअरिंग केलेला मी ऐटीत म्हणालो, "उत्तेजना."

आईने असं काही बघितलं की बस! बाबा अर्ध्या तोंडाने हसले.

आता यात आईची काय चूक? त्याच शब्दाचा शेवटचा काना काढा, म्हणजे तो एकदम सोज्वळ होतो. चौथीत मला चित्रकलेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, ते प्रमाणपत्र तिनेच फ्रेम करून लावलंय. पुण्यात १८७५ साली वेदशास्त्रोत्तेजक सभा निघाली, तेव्हा त्या नावाला कुणी लाजलं असेल असं वाटत नाही. आज 'उत्तेजक' म्हटलं की खेळाडूवरची बंदी आठवते, नाहीतर सिनेमाचं पोस्टर.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द मुळात टोकदार आहेत. आपला 'तेज' ज्या धातूतून आला त्याचा अर्थ धार लावणे, 'तीक्ष्ण'सुद्धा त्यातलाच. आणि लॅटिनमध्ये स्टिम्युलस म्हणजे बैलाला टोचायची काठी, आपली पराणी! सुरीला धार लावणं आणि बैलाला टोचणं एकच का? म्हणून माझं मत असं, की स्टिम्युलेशनला एकच मराठी शब्द शोधूच नये. उद्योगाला चालना द्या, पोराला उत्तेजन द्या, जीवशास्त्राच्या पुस्तकात खुशाल उद्दीपन लिहा. पण पेशंटच्या घरच्यांना यातलं काही ऐकवू नका.

कारण खरी भानगड पुढेच झाली. यात करंट असतो हे कळल्यावर आई उठलीच. "तोंडाला शॉक? काही नको, चला घरी." मी गॅल्व्हानी, बेडकाची तंगडी वगैरे सुरू केलं. बेडूक ऐकून तर ती आणखीच बिथरली. (माझ्यासारख्यांना समजावायला पाठवू नये.) शेवटी बाई म्हणाल्या, "काकू, नस बरी होईस्तोवर स्नायू सुस्तावतो. त्याला नुसतं हलवत ठेवायचं. मुंग्या आल्यासारखं वाटेल, बस."

आई परत खुर्चीत बसली.

सोमवारी ऑफिसात फोन आला. "आज पण हलवून आणलं हो बाबांना. चहा कमी सांडला."