इंग्रजी उच्चाराचे सोवळे आणि सिलॅबलची मोजणी



शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत चार वर्षांचे मूल जाते, तेव्हा बाई त्याला टाळ्या वाजवायला लावतात. ए-लि-फंट, तीन टाळ्या. टाय-गर, दोन टाळ्या. कॅट, एक टाळी. मुलाला वाटते खेळ आहे. घरी येऊन ते आजीलाही टाळ्या वाजवायला लावते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले आपले मूल तोच शब्द कसा शिकते? ई एल ई पी एच ए एन टी, एलिफंट, एलिफंट म्हणजे हत्ती. सगळा वर्ग एका सुरात. आठ लेटरची माळ पाठ होते, अर्थही पाठ होतो. पण हा शब्द तोंडातून किती तुकड्यांत बाहेर पडतो, हे त्याला दहावीपर्यंत कोणी विचारत नाही. त्यानंतरही नाही. शिकवणाऱ्या सरांनाही बहुधा कोणी कधी विचारलेले नसते.

मग हेच मूल बावीस वर्षांचे होऊन मुलाखतीला बसते. पदवी आहे, विषय येतो, उत्तर बरोबर असते. समोरचा मात्र ओठ मुडपून हसतो. कॉल सेंटरच्या भरतीत या हसण्याला एक सभ्य नावही आहे : एमटीआय, म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. आईच्या भाषेचा प्रभाव! आम्ही विचारतो, कोणाच्या आईच्या भाषेचा? सदाशिव पेठेतल्या आईची भाषा इंग्रजीत डोकावली तर ती 'कल्चर्ड' ठरते आणि भीमनगरातल्या आईची डोकावली की तो दोष होतो. जात विचारायला कायद्याने बंदी आली, म्हणून आता उच्चार ऐकून घेतात.

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्याला हे लोक 'ॲक्सेंट' म्हणून जन्मजात गुणासारखे मिरवतात, त्यातला मोठा हिस्सा निव्वळ मोजणी आहे. शब्दात सिलॅबल किती आणि त्यांतल्या कोणत्या सिलॅबलवर जोर, एवढेच. त्याचे नियम थोडे आहेत आणि ते कोणालाही शिकता येतात. आपल्यापर्यंत ते आले नाहीत, कारण आपल्याला ते शिकवण्याची कोणाला गरज वाटली नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली, गावोगाव सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले, पण पाठांतराची चाल जुनीच राहिली. भाषा आली, तिचा आवाज आला नाही.

सिलॅबल म्हणजे काय? एका स्वराच्या आधाराने एका झटक्यात बोलला जाणारा तुकडा. मराठी व्याकरणात यालाच अक्षर म्हणतात. पण अक्षर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेली खूण येते, म्हणून इथे आम्ही सिलॅबल हाच शब्द ठेवतो. हनुवटीखाली तळहात धरून शब्द बोला. जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल. साधन ढोबळ आहे, 'टेबल'च्या दुसऱ्या तुकड्याला ते फसते, पण सुरुवातीला पुरते.

आणि ही मोजणी आपल्याला नवी नाही. 'आंबेडकर' हे नाव लिहा. आं, बे, ड, क, र, अशी पाच अक्षरे. आता बोला : आं-बेड-कर. तीन! 'ड' आणि शेवटचा 'र' यांमधला 'अ' आपण गिळून टाकला. 'बाबासाहेब' लिहिताना पाच, बोलताना चार. 'संविधान' लिहिताना चार, बोलताना तीन. म्हणजे लिहिलेले एक आणि बोललेले दुसरे, हा प्रकार मराठी माणूस जन्मापासून करतो आहे. तरी इंग्रजीतला शेवटचा मुका 'ई' दिसला की आपल्याला धाक बसतो, कारण तो कोणीतरी आपल्याला कोड्यासारखा दाखवला.

आपल्याच परंपरेत याहून पक्की मोजणी आहे. त्रिसरणाच्या पहिल्या तीन ओळी बोटांवर मोजा, प्रत्येकीत आठ सिलॅबल सापडतील. मोठ्या अभंगाची मोजणी सहा, सहा, सहा आणि चार. ज्यांना देवळाची पायरी ओलांडू दिली नाही ते चोखोबा याच मापात रचत होते. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ठोका चुकलेला दाखवा. जलशाच्या ढोलकीवर ज्या समाजाचा कान तयार झाला, त्याला 'तुमचा कान कच्चा आहे' असे सांगणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते.

आता थोडे कामाचे बोलू. शब्द बाबासाहेबांचेच घेऊ.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट', १९३६. आपल्या सभांत हे नाव हजारदा घेतले जाते, आणि बहुतेक वेळा जसे दिसते तसे, 'ॲनिहिलेशन'. शब्दात बारा लेटर आहेत, त्यांतला 'एच' बोलायचा नसतो. अ-नाय-अ-ले-शन, पाच सिलॅबल, जोर चौथ्यावर. 'शन'ने संपणाऱ्या शब्दांत जोर त्याच्या अलीकडच्या सिलॅबलवर येतो, हा नियम एकदा कळला की शेकडो शब्द एका दमात हाताशी येतात : रि-झर-व्हे-शन, कॉन्स-टि-ट्यू-शन, डिस्-क्रि-मि-ने-शन. आणि 'कास्ट'? पाच लेटर, सिलॅबल एक. शेवटचा 'ई' मुका. व्होट, स्टेट, क्राइम यांचेही तेच. आता अनेकवचन करा. 'क्लास'चे 'क्लासेस' होते, एकाचे दोन सिलॅबल. 'कास्ट'चे मात्र 'कास्ट्स', एकच राहते, स्पेलिंगमध्ये 'ईएस' दिसत असले तरी. स, झ, श, च, ज अशा आवाजांनी संपणाऱ्या शब्दाचेच अनेकवचन एक सिलॅबल जास्त घेते.

सर्वांत जास्त हसू होते ते 'ईडी'वर. (ती धाड घालणारी ईडी नव्हे, शब्दाच्या शेवटची.) आपली मुले 'ऑप्रेसेड', 'आस्केड', 'वर्केड' म्हणतात, कारण जे दिसते ते वाचावे ही देवनागरीची प्रामाणिक सवय. इंग्रजीत नियम असा आहे की मूळ शब्द ट किंवा ड या आवाजाने संपत असेल तरच 'ईडी' वेगळा सिलॅबल होतो. प्रोटेस्ट, प्रोटेस्टेड. कन्व्हर्ट, कन्व्हर्टेड. बाकी ठिकाणी तो मागच्या तुकड्याला चिकटतो : आस्क्ड एक, वर्क्ड एक, ऑप्रेस्ड दोन, डिप्रेस्ड दोन. दहा मिनिटांत समजणारी ही गोष्ट. ती न सांगता पंधरा वर्षे इंग्रजी शिकवता येते, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे कर्तृत्व. अपवाद आहेत, आणि त्यांतला एक आपल्या वकील मित्रांनी लक्षात ठेवावा : कोर्टात प्रतिपक्षाच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतात. तिथे 'लर्नड' विद्वान या अर्थाने येतो आणि दोन सिलॅबल घेतो.

जोराचे गणित जरा अवघड, पण मजेदार. डेमोक्रॅट, डिमॉक्रसी, डेमोक्रॅटिक. मूळ एकच, पण जोर पहिल्यावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर सरकतो. जोर सरकला की स्वरही बदलतो, म्हणून 'डे'चा 'डि' होतो. 'प्रोटेस्ट' हे नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. 'डेव्हलपमेंट' आपण डेव्ह-लप-मेंट असे तिनात उरकतो. इंग्रजीत ते चार आहेत, डि-व्हे-लप-मेंट, जोर दुसऱ्यावर. यात अडाणीपणा नाही. मधला 'अ' गिळण्याचा जो मराठी नियम 'आंबेडकर' या नावाला लागतो, तोच आपण इंग्रजी शब्दाला लावला. शिक्षक तसे सांगत नाही. तो म्हणतो, 'तुझी जीभ जड आहे.'

उलटेही होते. 'फॉर्म'चे 'फारम', 'फिल्म'चे 'फिलिम', 'ग्लास'चे 'गिलास'. एकाचे दोन सिलॅबल. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालणे जगातल्या कितीतरी भाषा करतात. जपानी माणूस बेसबॉलच्या 'स्ट्राइक'चे 'सुतोराइकु' करतो, एकाचे पाच ठोके. त्याला कोणी गावठी म्हणत नाही, त्याच्या गाड्या मात्र रांग लावून विकत घेतात. खुद्द इंग्रज आणि अमेरिकन यांचेही एकमत नाही. इंग्रजाचे ॲल्युमिनियम पाच सिलॅबलचे, अमेरिकनाचे अलूमिनम चारांचे, आणि तिथे स्पेलिंगही वेगळे. म्हणून आम्ही 'शुद्ध उच्चार' हा शब्द वापरत नाही. शुद्ध आणि अशुद्ध यांचा खेळ कोणी मांडला आणि त्यात कोण मेले, हे वाचकांना सांगायला नको. आम्हाला समोरच्याला पहिल्या वेळेत कळेल एवढा उच्चार हवा आहे आणि तो मागताना कोणाकडे मान झुकवायची नाही.

इथे दोन प्रकारचे लोक आडवे येतात. पहिले मातृभाषेचे कीर्तनकार. स्वतःची नातवंडे इंग्रजी शाळेत, नाहीतर थेट अमेरिकेत, आणि आपल्या वस्तीत येऊन मायबोलीच्या दुधाची महती. यांना सावित्रीमाईंनी केव्हाच उत्तर दिले आहे. १८५४ च्या 'काव्यफुले'तच त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितले. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ज्यांनी तेव्हा एक भाषा नाकारली, त्यांचे वारस आज दुसरी नको म्हणतात. योगायोग समजावा काय?

दुसरे आपलेच कार्यकर्ते. ते म्हणतात, 'अर्थ पोचला म्हणजे झाले, उच्चारात काय ठेवलंय?' यांच्याशी आमचा वाद प्रेमाचा आहे, पण वाद आहे. अर्थ पोचला तरच झाले ना! जोर भलत्या सिलॅबलवर पडला तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही, मग तो 'पार्डन' म्हणतो, मग आपला मुलगा गप्प बसतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. आम्ही विद्यापीठांच्या चर्चासत्रांत मागच्या रांगेत बसलेली ही गप्प मुले पाहिली आहेत. वाचन त्यांचे पुढच्या रांगेपेक्षा जास्त असते. 'काय ठेवलंय' हे म्हणणे त्यांना तिथेच बसवून ठेवते.

या दोघांच्या मधल्या जागेत क्लासवाल्यांचा धंदा चालतो. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. फी हजारांत, आणि शिकवतात काय, तर नाकातून बोलायला. वर सांगितलेला 'ईडी'चा नियम तिथे किती जण शिकवतात, हे तिथे जाणाऱ्यांनीच विचारून पाहावे.

सिलॅबल मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्याच अंगावर येणारा आहे. रुडॉल्फ फ्लेश हे व्हिएन्नाचे. नाझींच्या काळात देश सोडून ते अमेरिकेत आले आणि डॉक्टरेट केली ती बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठात. १९४८ साली त्यांनी एक सूत्र मांडले : वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती सिलॅबल, हे मोजायचे आणि मजकूर सामान्य माणसाला किती सोपा जाईल ते काढायचे. सिलॅबल वाढले की वाचक गळतो. आता आपल्या तरुण विद्वानांची इंग्रजी निवेदने या काट्यावर ठेवून पाहा. प्रॉब्लेमॅटाइज, हेजेमॉनिक, इंटरसेक्शनॅलिटी! शेवटच्या एका शब्दात सात सिलॅबल. ज्या वस्तीसाठी हे लिहिले, तिथला बारावी झालेला मुलगा दुसऱ्या ओळीत थांबतो. सोवळे आपल्यातही शिरते, फक्त जानवे दिसत नाही. आणि 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज' बघा. तिन्ही शब्द तीन-तीन सिलॅबलचे, तिन्हींचा जोर पहिल्यावर. ढोलकीवर सहज बसतात. म्हणूनच इंग्रजी न येणाऱ्या आपल्या आज्यांनाही ते म्हणता येतात.

तर करायचे काय? अभ्यासिकेत आणि विहारात रविवारचा एक तास. पैसे लागत नाहीत. रोज दहा शब्द फळ्यावर, आधी टाळ्या, मग जोर, मग वाक्य. लहान मुलांना मोठ्यांसोबतच बसवा, ती लवकर शिकतात आणि मोठ्यांची लाज मोडते. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी काढलेला घ्या, मोबाइलवरचाही चालेल, त्यात उच्चार ऐकता येतो. उच्चाराच्या खुणांमध्ये वर एक छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढचा सिलॅबल जोराचा. एक सावधगिरी : काही अमेरिकन कोशांत मूळ शब्दातच मध्ये ठिपके असतात. ते ओळ संपताना शब्द कुठे तोडावा यासाठी असतात, त्यांवरून सिलॅबल मोजू नका. 'आयडिया'त एकही ठिपका नसेल, पण सिलॅबल तीन आहेत.

पहिल्या रविवारसाठी शब्द आम्हीच देतो. संविधानाच्या उद्देशिकेतले तीन : लिबर्टी, इक्वॉलिटी, फ्रॅटर्निटी. मोजून या, जोर कुठे तेही शोधून या. इक्वॉलिटी आणि फ्रॅटर्निटी यांचा जोर एकाच जागी का पडतो, यावर तिथे भांडा.