पिकअपला ‘हेडर’ बसवावा काय?

कापडाच्या धंद्यातील माणसाने गाडीच्या सायलेन्सरवर लिहावे, याचे काही वाचक बांधवांना आश्चर्य वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी व्यापाऱ्यांचे दुकान आज चाकावर आहे. भिवंडीहून माल उचलायचा, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूरच्या बाजारांत तो विकायचा आणि जत्रा आली की तिकडे गाडी वळवायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. गाडी उभी राहिली की बाजार बुडाला. दुसरीकडे गाड्या दुरुस्त करणारे, वेल्डिंग करणारे, पाईप वाकवणारे कारागीरही याच पानाचे वाचक आहेत. तेव्हा विषय दोन्ही बाजूंचा आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसाची यात्रा भरते. बैलबाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, पण थंडीचे दिवस असल्याने चादरी, ब्लँकेट, स्वेटर यांचाही चांगला खप होतो. त्याच सुमारास, २ जानेवारीला, सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. १९४३ साली याच तारखेला ते दोघे तेथे शहीद झाले. म्हणून जानेवारीत आमची गाडी म्हसा आणि पुढे सिद्धगडाच्या पायथ्याकडील नारिवलीच्या वाटेवर असतेच. दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या तोंडावर गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. गाडी टर्बोवाली डिझेल, २०१५ ची.

ज्या गॅरेजात नेली तेथील उस्ताद म्हणाले, “शेठ, जुना बिडाचा तुकडा परत तडकणार. त्यापेक्षा पाईपचा हेडर बसवा. धूर मोकळा निघेल, घाटात गाडी पळेल.” किंमतही बिडाच्या नव्या मॅनिफोल्डपेक्षा कमी होती. आम्ही मान डोलावली. कापडात आम्हाला कोणी फसवू शकत नाही हा गर्व तीस वर्षांचा. लोखंडात मात्र आम्ही कोरे होतो.

हेडर म्हणजे काय ते आता सांगतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. कंपनी तो एका ओतीव, जाड तुकड्यात गोळा करून पुढे पाठवते. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाकवलेला पाईप लावून ते सर्व पुढे एकत्र जोडले की झाला हेडर. एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, हा त्याचा खरा गुण. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत, पाईपची लांबी आणि व्यास हिशेबाने धरला असेल, तर त्याचा फायदा होतो. पण तो ज्या वेगासाठी बनवला त्याच वेगात. शर्यतीची गाडी इंजिन जोरात फिरवते. आमची गाडी गाठोडी लादून माळशेज घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चढते. तेथे रुंद पाईप लावला तर वायूचा वेग उलट मंदावतो आणि खालची ओढ कमी होते.

टर्बोच्या डिझेल गाडीत तर हिशेबच वेगळा. तेथे मॅनिफोल्डमधून निघालेल्या गरम वायूच्या जोरावर टर्बोचे चाक फिरते. बिडाचा जाड तुकडा ती उष्णता धरून ठेवतो. पातळ पाईपांचा पृष्ठभाग मोठा. उष्णता वाटेतच उडून जाते. वर टर्बोचे वजन त्या पाईपांनीच पेलायचे आणि खड्डे खायचे! आमच्या गाडीत सहा आठवड्यांत एका जोडावर वेल्डिंग फाटले. तेथून वायू गळू लागला, टर्बोला जोर मिळेना, चढावर काळा धूर आणि डिझेलचा खर्च जास्त.

हे नुकसान पैशाचे होते, ते सोसले. पण म्हसाच्या मैदानात ड्रायव्हर आणि आमचा पुतण्या मालाच्या राखणीला केबिनमध्ये झोपले. थंडी म्हणून काचा बंद, हीटरसाठी इंजिन चालू. पहाटे दोघांची डोकी ठणकत होती, पोराला ओकाऱ्या झाल्या. धुराचा वास आला होता, पण जत्रेत धूर कोठे नसतो म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. त्या धुरात असतो तो कार्बन मोनॉक्साइड; त्याला ना रंग ना वास, आणि बंद केबिनमध्ये तो झोपेतच माणूस नेतो. गळणारा जोड केबिनच्या अगदी पुढ्यात असतो, हे त्या दिवशी कळले. पाईप शाबूत असला तरी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नये, हे आता आमच्या माणसांना आम्ही दर फेरीला बजावतो.

आता मालाची पारख. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, तसा पत्र्याचा गेज वाढला की पत्रा पातळ होतो. अठरा गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, सोळा गेज सुमारे १.६. दुकानदार “स्टेनलेस आहे” म्हणून चुंबक लावून दाखवतो. चिकटला नाही की माल उत्तम! ही परीक्षा अर्धवट आहे. २०२ नावाच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि महाग ३०४ लाही नाही. उलट ४०९ या जातीला चुंबक चिकटतो, तरी गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टसाठी ती वापरतात. सूत जाळून पाहिले की सुती आणि पॉलिएस्टर ओळखू येते, तशी सोपी परीक्षा येथे नाही. बिलावर जात लिहून मागावी. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरी गोष्ट नव्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारे कन्व्हर्टर असते, डिझेलला काजळीचे फिल्टरही. आमच्या दुसऱ्या, सीएनजीच्या गाडीसाठी एकाने सुचवले : “चाचा, हा डबा काढून सरळ पाईप टाकतो. मजुरीही नको, फक्त जुना तुकडा ठेवून घेतो.” व्यापाऱ्याने येथे कान टवकारावेत. फुकट काम करणारा जुना तुकडा का मागतो? त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. मजुरी माफ नव्हती, ती आमच्याच मालातून जाणार होती. शिवाय डबा काढला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि पीयूसीच्या वेळी गाडी धुरात नापास होऊ शकते.

कायदाही मालकालाच धरतो. गाडीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. धूर व आवाजाच्या कलमाखाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद. वेल्डिंग करणाऱ्याचे नाव चलनावर येत नाही.

यावरून आम्ही स्थानिक कारागिराच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये. मागचा सायलेन्सर सडला, शेवटचा पाईप गंजला, तर भिवंडी-कल्याणचा कारागीर मूळ मापाचा, मूळ आवाजाचा तुकडा उत्तम बनवून देतो. तो तेथूनच घ्यावा. पुढचा भाग मात्र बिडाचाच असावा. आणि तडकलेल्या बिडाला साधी कांडी लावून पैसे घेणे आमच्या कारागीर बांधवांनी बंद करावे. निकेलची कांडी आणि आधी तुकडा नीट तापवणे याशिवाय तो जोड थंड होतानाच पुन्हा तडकतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

शेवटी आम्ही कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच मॉडेलचा कंपनीचा मॅनिफोल्ड आणला. घेण्यापूर्वी त्यावर डिझेल चोळले, पुसले आणि खडू घासला. बारीक तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. उमटली नाही. नवे गॅसकेट, नवे स्टड, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूस आवळणे, आणि दोन फेऱ्यांनंतर पुन्हा पाना लावणे. दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडीखाली जाऊन पाहिले तेव्हा सायलेन्सर टांगणारे दोन रबर तुटलेले निघाले. मागचे सगळे वजन पुढे ओढत होते. पहिला मॅनिफोल्ड तडकला तो त्यामुळेच, असे त्याचे म्हणणे, आणि ते आम्हाला पटले. रबरांचा खर्च मॅनिफोल्डच्या मानाने काहीच नव्हता.

आता ड्रायव्हर दर सोमवारी सकाळी गार इंजिन चालू करतो, ओल्या चिंधीचा बोळा मागच्या पाईपावर क्षणभर धरतो आणि पुढे फुसफुस किंवा टिकटिक ऐकू येते का ते पाहतो. चिंध्यांना आमच्या दुकानात तोटा नाही. तो हेडर अजून गोदामात पडून आहे; भंगारवाला किलोच्या भावाने मागतो.