सर्दी गेली, कान बंद राहिला



आज पिकाचे नाही, माझ्याच कानाचे दुखणे सांगतो. गेल्या माघात मला जबर सर्दी झाली. आठ दिवसांत नाक मोकळे झाले, पण उजवा कान बंदच राहिला. एका गावी हरभऱ्याची मळणी पाहत उभा होतो. उजव्या अंगाने ट्रॅक्टर मागे येत होता, ड्रायव्हर ओरडत होता. मला पत्ताच नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी दंडाला धरून ओढले. म्हणाले, "सायेब, ऐकू येत न्हाई तर सांगायचं की!"

घरी लसूण घालून तेल तयारच होते. पण आधी डॉक्टरांना कान दाखवला. मळ नव्हता, पडद्यामागे पाणी साचले होते.

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. तिथून नाकाच्या मागच्या बाजूस सुमारे दीड इंचाची बारीक नळी जाते. घोट गिळताना, जांभई देताना ती उघडते आणि हवा खेळती राहते. सर्दीने वा सायनसच्या दुखण्याने नळी सुजते, पडदा आत ओढला जातो, पाणी पाझरते. ठिबकची नळी चोंदली तर रोपाला दोष देऊन काय उपयोग? तसेच हे. तेल पडद्याच्या बाहेर राहते, पाणी असते आत. पडद्याला भोक असेल किंवा तेल गरम असेल, तर उलट इजाच होते.

सूज उतरली की बहुतेकांचा कान काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुटतो. माझा तिसऱ्या आठवड्यात चहा पिताना 'टक्' झाला आणि दारच्या चिंचेवरचे पोपट एकदम ऐकू आले!

तोवर घोट घोट पाणी प्यावे, नाक जोराने शिंकरू नये, कानात काडी घालू नये, बिडी-सिगारेट टाळावी. यंत्राजवळ काम असेल तर सोबत्याला आधी सांगून ठेवावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखादा कान काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी बहिरा झाला, तर 'सर्दीचे असेल' म्हणून थांबू नका. तो नसेचा आजार असू शकतो, आणि त्याचे औषध पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडते. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. कानातून पू, चक्कर, तोंड वाकडे होणे, कानामागे सूज, यांतले काही दिसले तरी तसेच करा.

लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. सर्दीनंतर पोर हाकेला ओ देईना, टीव्ही मोठा लावू लागले, शाळेत मागे पडले, तर त्याला हट्टी म्हणून मारू नका. आधी कान तपासून घ्या. पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरते. त्यापुढे राहिले तर पुन्हा दाखवा.

पिकावर डाग दिसताच तुम्ही पान घेऊन माझ्याकडे येता. कानाचीही तशीच वेळेवर दखल घ्या.