आजारपणाचा पगार ही मेहरबानी नाही, हक्क आहे

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यांत हिशोब साधा असतो. जितकं कापड निघालं, तितकी मजुरी. म्हणून कामगार आजारी पडला की त्याच दिवसापासून घराची कमाई बंद. डॉक्टर म्हणतात, टीबी आहे, आराम करा. पण आराम करायचा तर चूल कशी पेटणार? परिणाम आम्हा शिक्षकांना वर्गात दिसतो. वडील अंथरुणाला खिळले की आठवी-नववीतला मुलगा शाळेतून गायब होतो आणि कामाला लागतो.

आम्ही अनुदानित शाळेतले शिक्षक आजारी पडलो तर आम्हाला अर्धपगारी रजा असते, नोकरी शाबूत राहते. मग कारखान्यातल्या मजुराला काहीच नाही का? आहे. पण त्याला ते कुणी सांगत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, १९४८ च्या कायद्याने आली. दहा किंवा जास्त कामगार असलेला कारखाना तिच्या कक्षेत येतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा विमा उतरवणं मालकाची जबाबदारी आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापायचे, मालकाने ३.२५ टक्के भरायचे. १२,००० पगार असेल तर कामगाराचे ९० रुपये, मालकाचे ३९०.

बदल्यात काय मिळतं? सहा महिन्यांच्या योगदान काळात किमान ७८ दिवसांचा भरणा झाला असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम. टीबी, कॅन्सर अशा ठरावीक दीर्घ आजारांत, सलग दोन वर्षं विम्यात असलेल्याला ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून ९० टक्के, आणि त्याला ७८ दिवसांची अटही नाही. आजारपणाचा लाभ सुरू असताना मालकाने कामगाराला काढू नये, हे तत्त्व १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ मध्येच लिहिलेलं होतं. कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट लागत नाही.

मग अडतं कुठे? नोंदणीवर. एकाच छताखालचे लूम घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवले की कागदावर कामगार दहाच्या आत येतात. कामगाराकडे ना हजेरीचा पुरावा, ना पगाराची पावती. आजारी पडल्यावर तो सिद्ध काय करणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र आणि ४० वर्षांवरील कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी, असं सरकार सांगतं. दहापेक्षा कमी कामगार असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर ईएसआयमध्ये येता येतं. धोकादायक काम असेल तर एक कामगारही पुरेसा. या गोष्टी चांगल्या आहेत.

पण त्याच वर्षी जुलैपासून ईएसआयने मालकांसाठी 'स्प्री' नावाची सवलत योजना चालवली. मालक जी तारीख सांगेल तेव्हापासून नोंदणी धरायची, मागची थकबाकी मागायची नाही. नोंदणी वाढावी हा हेतू ठीक. मात्र ज्याची दहा वर्षं विनानोंदणी गेली, त्या कामगाराच्या हाती मागचं काहीच लागत नाही. मालकाला माफी मिळाली, मजुराच्या नुकसानीचं काय, हा सवाल विचारायलाच हवा.

आपल्या मोहल्ल्यांत कुणी आजारी पडला की चंदा होतो, जकातीतून इमदाद मिळते. ही माणुसकी टिकलीच पाहिजे. पण चंद्यातून एक-दोन महिने निघतात. टीबीचा उपचार किमान सहा महिने चालतो. शिवाय जो खर्च मालकाने आणि विम्याने उचलायचा, तो आपणच गुपचूप उचलत राहिलो तर नोंदणी कधीच होणार नाही. यात आपल्याच समाजातले सेठ लोकही आहेत. ३९० रुपये वाचवून रमजानमध्ये त्याच मजुराला रेशनचं किट देण्यापेक्षा त्याचा विमा भरावा, असं आम्ही त्यांना अदबीने सांगू इच्छितो.

कामगार भावा-बहिणींनी तब्येत चांगली असतानाच हे करावं: नियुक्तीपत्र मागा, आपला विमा क्रमांक विचारा, पगार बँकेत घ्या. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर ते खरंच भरले जातात का, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात तपासून घ्या. टीबी झाला असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपयेही मिळतात. त्यासाठी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. फॉर्म वाचता येत नसेल तर मुलांच्या शाळेत या. आम्ही शिक्षक एवढं तर नक्कीच करू शकतो.