चढ, चिखल आणि चार चाकं

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय मेकॅनिकलचा आहे, तिथे माघार नाही!

आमच्या मेसमध्ये गाडीचा विषय निघाला की मुलं ठासून सांगतात, "फोर-बाय-फोर म्हणजे सेफ." २०२० ची थार आली ती फोर-व्हील-ड्राइव्हच होती. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली, तर ती म्हणे 'खोटी' थार! मला हे अजिबात पटत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. घाटात ओल्या वळणावर गाडी किती अंतरात थांबेल ते टायर ठरवतात, ड्राइव्ह नाही. उलट चारही चाकं ओढत असली की गाडी झपकन वेग घेते आणि रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही. शिवाय थारला मधला डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, म्हणून कोरड्या डांबरावर ती मागच्याच चाकांवर चालवायची असते. (ऑल-व्हील-ड्राइव्हची गोष्ट वेगळी.) मग एफ.सी. रोडवर मिरवणाऱ्याने जादा पैसे मोजले कशाचे?

हेच भाषण मी सुट्टीत काकांना दिलं. त्यांची लांजा तालुक्यात बाग आहे, गाडी घ्यायचं चाललं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, गेल्या पावसात आजीला आपण कसं नेलं?"

खुर्चीवर बसवून. रात्रीचे साडेअकरा, धो धो पाऊस, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत लाल मातीचा चढ, आणि जुनी जीप मागची चाकं गरगर फिरवत तिथेच रुतलेली. चौघांनी खुर्ची उचलली, मी टॉर्च धरला. आजी वाचली. पण तो चढ मी विसरलेच होते.

मग वही काढली. ओल्या मातीचा घर्षण गुणांक ०.३ धरा. निम्मं वजन मागच्या चाकांवर, म्हणजे ओढ वजनाच्या ०.१५ पट. सात फुटांना एक फूट चढ, की संपलं! चढावर वजन थोडं मागे सरकतं, पण तो फायदा किरकोळ. चारही चाकं ओढत असतील तर ओढ दुप्पट. दोरी आणि पाण्याची नळी घेऊन काकांचा चढ मोजला, तर पाच फुटांना एक.

"मग चढाला चिरे बसवा ना, गाडीपेक्षा स्वस्त पडेल," मी म्हटलं. काका नुसते हसले. वाट सामायिक, भावकीची सही लागते, आणि ती अकरा वर्षं मिळालेली नाही. आता हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

तेव्हा काकांनी फोर-व्हील-ड्राइव्हच घ्यावी, आणि मेसवाल्यांनी मागच्या चाकांची घेऊन उरलेल्या पैशांत चांगले टायर टाकावेत, असं माझं मत. काकांनी बुकिंग केलंय. आजीने फोटो बघून एवढंच विचारलं, "येवढ्या उंच गाडीत मी चढू कशी?" सध्या वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी एक पायरी वेल्ड करतेय.