झाकण उघडतं का?

घड्याळं जमवणाऱ्या लोकांत दोन तट आहेत. एक किल्लीवाल्यांचा, दुसरा सेलवाल्यांचा. सोवळ्यात कुणी चप्पल घालून यावं, तसं किल्लीवाले सेलच्या घड्याळाकडे बघतात. सेलवाले विचारतात, दिवसाला वीस-तीस सेकंद चुकणाऱ्या यंत्राचं एवढं कौतुक कशाला? हा वाद मी बरीच वर्षं ऐकते आहे आणि तो चुकीच्या जागी चालला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मला विचाराल तर प्रश्न एकच: त्याचं झाकण उघडतं का, आणि उघडल्यावर आतलं दुरुस्त करता येतं का?

आपल्याकडे घड्याळाच्या आतल्या भागाला सगळे 'मशीन' म्हणतात. संग्राहक 'मूव्हमेंट' म्हणतात, पण घड्याळजीसमोर तो शब्द वापरला की तो भाव वाढवतो, तेव्हा मशीनच बरं. एचएमटीने बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं काढायला सुरुवात केली. पुढे जनता, पायलट, कोहिनूर अशी कितीतरी नावं आली. डायल वेगळी, काटे वेगळे. झाकण उघडलं, की आत बहुतेकदा तेच ०२३१ क्रमांकाचं, १७ ज्वेलचं मशीन! हे ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिकाचे बारीक खडे. चाकांची टोकं त्यांच्यात फिरतात, म्हणून झिजत नाहीत. घड्याळ महाग दिसावं म्हणून ते बसवलेले नसतात.

किल्ली दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना चाकं फिरवते. तिला मोकळं सोडलं तर ती क्षणात उलगडून जाईल, म्हणून बॅलन्स व्हील झोके घेत तिला थोडं थोडं सोडतं. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००. दिवसाचे किती, हा हिशेब मी एकदा सातवीच्या मुलांना घातला होता. उत्तर ४,३२,०००. पुराणात कलियुगाची वर्षंही तेवढीच! याला अर्थ काही नाही, पण त्यानंतर तो वर्ग गुणाकार विसरला नाही. असो.

सांगायचं ते हे, की या मशीनमध्ये रहस्य काही नाही. सगळं स्क्रूने बसवलेलं, सगळं सुटं होणारं. जनताचं चाक पायलटला बसतं. तेल वाळलं तर धुऊन पुन्हा घालता येतं. मोबाइल नाहीतर स्पीकरशेजारी ठेवून घड्याळ एकाएकी पुढे पळायला लागलं, तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं. ते मिनिटभरात काढता येतं. लोक उगाच घाबरून घड्याळ भंगारात काढतात.

आता सेलचं घड्याळ. सायकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं. किंमत होती साडेचार लाख येन. त्यात गारगोटीचा म्हणजे स्फटिकाचा तुकडा विजेवर थरथरतो. आज सर्वत्र चालतो तो वेग सेकंदाला ३२,७६८. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर एक उरतो. त्या एकावर सेकंदकाटा टुणकन उडतो. महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक, बस्स. याला 'आत्मा नसलेलं यंत्र' म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आणि इथे मला बायकांची बाजू मांडायची आहे, कारण संग्राहकांत ती कुणी मांडत नाही. किल्लीच्या काळातली लेडीज घड्याळं पाहिली आहेत ना? नखाएवढं मशीन. बॅलन्स इतका लहान, की हाताला झटका बसला तरी त्याची लय बिघडायची. आमच्या स्टाफरूममध्ये तास संपल्याची वेळ पुरुष शिक्षकांच्या घड्याळावर ठरायची, ती काही उगाच नाही. टायटन १९८४ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच लहान घड्याळसुद्धा अचूक वेळ दाखवायला लागलं. तेव्हा बाईच्या मनगटावरच्या वेळेला पहिल्यांदा किंमत आली. ज्यांना हे आठवत नाही त्यांनीच क्वार्ट्झला नाकं मुरडावीत.

त्या काळच्या चांगल्या क्वार्ट्झ मशीनलाही धातूच्या पट्ट्या, स्क्रू आणि ज्वेल असतात. ती उघडतात, साफ होतात. माझं एक बंद पडलं तेव्हा एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने झाकण न उघडताच सांगितलं, "मशीन बदलावं लागेल मॅडम." आमच्या घड्याळजींनी उघडलं. सेल गळून संपर्काची पट्टी हिरवी झाली होती. ती घासली आणि घड्याळ सुरू! (संपलेला सेल घड्याळात ठेवू नका हो, तेवढं एक ऐका.)

उलट, किल्लीवाल्यांच्या सोवळ्यात बसणारं एक उदाहरण देते. स्विस कंपनी स्वॉचने २०१३ साली 'सिस्टिम ५१' हे स्वयंचलित घड्याळ काढलं. अवघे ५१ भाग, मध्यभागी एकच स्क्रू, सेल नाही. अक्कल लावून बनवलेलं, मी मान्य करते. पण ते सीलबंद. बिघडलं की संपलं. महागड्या घड्याळांत आता सिलिकॉनची हेअरस्प्रिंग येते. तिला चुंबकाची बाधा नाही, पण ती चिमट्याने सरळही करता येत नाही. मोडली की कंपनीकडेच जायचं. म्हणजे यंत्र जुन्या पद्धतीचं आणि मालकी कंपनीची.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, दुरुस्तीच्या पैशात नवं येतं." येतं, खरं आहे. पण हा हिशेब आपण सगळेच करत गेलो म्हणून पेठेतली घड्याळजींची दुकानं एकेक करून मोबाइलच्या कव्हरांची झाली. आमच्या घड्याळजींचं वय माझ्याहून फार कमी नाही. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, त्यानंतर सुटे भाग मेलेल्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

आणि ती मेलेली घड्याळं जातात कुठे? डायल रंगवणाऱ्यांकडे. लाल, निळी, मोरपंखी डायल रंगवून, मिळेल ते मशीन कोंबून 'व्हिंटेज' म्हणून विकायची. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकून मान खाली जाते. घेणाऱ्याने एकदा मागचं झाकण उघडून दाखवा म्हटलं असतं, तर हा धंदा इतका चालला नसता.

माझ्याकडे चार बंद एचएमटी होत्या, चारही मूळ डायलच्या. एका संग्राहकाने बरी किंमत देऊ केली. त्याला त्या काचेच्या पेटीत लावायच्या होत्या. मी त्या घड्याळजींना दिल्या, सुटे भाग काढायला. संग्राहक मंडळींच्या मते हे पाप आहे. अस्सल वस्तू मोडली म्हणतात. त्यांनी खुशाल म्हणावं. गेल्या महिन्यापर्यंत त्या चारांतून लोकांची तीन घड्याळं चालू झाली. त्यातलं एक दूधवाल्याच्या वडिलांचं होतं. तो आता पहाटे मोबाइल न काढता वेळ बघतो. उरलेल्या सुट्या भागांच्या डबीवर घड्याळजींनी माझं नाव लिहून ठेवलं आहे, आणि मेहनतीचे पैसे मात्र माझ्याकडून पूर्ण घेतात. घ्यावेतच.